उलट्या पिळाचे सूत

बुऱ्हाणपूर,
१२ एप्रिल १९२५

चि. प्रभाकर यास आशीर्वाद.

दिवाळीपासून तुझे पत्र नाही. मी मेले असते तर ती बातमी तुला कमिटीच्या परिपत्रकातूनच कळली असती. फराळाच्या पानावर मी तुला ‘जबलपूरला जाऊन तू गुळगुळीत झालास’ असे म्हटले, एवढाच माझा गुन्हा, आणि तो मी मागे घेत नाही. पण आजचे पत्र भावाला नाही, प्रांतिक कमिटीच्या सभासदाला आहे. तेव्हा रुसवा बाजूला ठेवून वाच.

आमचे अध्यक्ष यादवराव वकील दुसऱ्याने कातलेले सूत स्वतःचे म्हणून देतात.

हे वाक्य मी तीनदा खोडले आणि तीनदा लिहिले. ज्या माणसाच्या सांगण्यावरून मी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी चरख्यापुढे बसले, त्याच्याविषयी असे लिहिताना हाताला जड जाते. जाऊ दे.

जानेवारीपासूनचा नियम तुला ठाऊकच आहे, तो तुमच्याच कमिटीतून आला. दर सभासदाने महिन्याला दोन हजार वार सूत स्वतःच्या हाताने कातून द्यायचे. न दिल्यास नाव पटावरून जाईल आणि मतही जाईल. मला नियम आवडला होता. या निमित्ताने आपले वकील आणि भाषणबाज रोज तासभर तरी तोंड मिटून बसतील असे वाटले होते. सूत तपासण्याचे काम यादवरावांनी माझ्याकडे दिले. “गोदाबाईंनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम तपासलंय, त्यांची नजर कोण चुकवणार?” असे ते भर सभेत म्हणाले. मी फुगले, हेही लिहून ठेवते.

तीन महिन्यांत तेरा नावे गेली. त्यात गजानन मास्तर आहेत. बायको विषमज्वराने पडली म्हणून त्यांचे सूत दीडशे वार कमी भरले. पुढच्या महिन्यात भरून देतो म्हणत होते. यादवराव म्हणाले, “मास्तर, माझ्यामागे रोज कोर्ट आहे. मी कातू शकतो, तुम्ही नाही?” मास्तर मान खाली घालून गेले. नाव खोडणारी पेन्सिल माझ्या हातात होती. या तेरांपैकी अकरा जणांनी गेल्या वार्षिक सभेत यादवरावांना उभे राहून प्रश्न विचारले होते. तू याला योगायोग म्हणशील. मी तुझी मोठी बहीण आहे. मला योगायोग समजावू नकोस.

जमलेले सूत हरीरपुऱ्यात करीमबख्श मोमीनकडे विणायला जाते. गेल्या आठवड्यात त्याने मला बोलावून घेतले आणि नवी चादर उन्हात धरली. मधोमध चार बोटांचा पट्टा. रंग तोच, पण झाक निराळी.

“बाईजी, मेरे हाथ को दोष मत देना,” तो म्हणाला. “ये सूत उल्टे बट का है. सबका इधर खुलता है, ये उधर खुलता है.” त्याने दोन धागे चिमटीत धरून उकलून दाखवले. “जिसने काता है वो बाएँ हाथ से चरखा फिराता है. पर क्या महीन काता है! चालीस बरस में मैंने कम देखा.”

त्या पट्ट्याच्या सुताच्या लडीवर नावाची चिठ्ठी यादवरावांची होती. यादवराव उजव्या हाताने जेवतात, उजव्या हाताने सही करतात आणि उजवाच हात उंचावून भाषण करतात.

मी सरळ त्यांच्या घरी गेले. त्यांनी नाकारलेही नाही. “गोदाबाई, सूत तर आहे ना? देशाला कापड हवं. अंगठा कुणाचा, हे देश विचारत नाही.”

“मग मास्तरांच्या बायकोच्या तापाची चौकशी देशाने का केली?” मी विचारले.

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो न घेता उठले.

प्रांतिक कमिटीने चौकशी करावी, आणि तोवर त्या तेरा जणांची नावे परत पटावर घ्यावी, एवढेच मागते. पुढच्या महिन्यात प्रांताला पाठवायच्या प्रतिनिधींची निवड आहे. त्याआधी हे व्हायला हवे.

तुझी,
गोदाअक्का


बुऱ्हाणपूर,
३ मे १९२५

चि. प्रभाकर यास आशीर्वाद.

सहा महिन्यांनी तुझ्या चार ओळी आल्या. त्यांतली एक प्रकृतीची, एक उन्हाची. उरलेल्या दोन अशा : ‘विणकराच्या बोटांवर प्रांतिक कमिटी चालत नाही. कातणाऱ्याचे नाव कळव, मी उभा राहतो.’

उभा राहतोस ना? मग ऐक. पण नाव सांगण्याआधी ते मला कसे मिळाले ते सांगते, म्हणजे मी काय करते आहे हे तुला कळेल.

यादवरावांच्या घरी चौदा वर्षांपासून सरुबाई म्हणून त्यांची दूरच्या नात्यातली बाई स्वयंपाकाला आहे. धूलकोट गावची. नवरा गेल्यावर इथे सरकी काढण्याच्या कारखान्यात होती, तिथे यंत्रात उजव्या हाताची दोन बोटे गेली. तेव्हापासून लाटणे डाव्या हातात, विळीवरही डावाच हात. मी हे कित्येकदा पाहिले होते. पाहूनही मनात जुळवले नव्हते, असे तुला लिहिणार होते. राहू दे.

तापीच्या राजघाटावर ती धुणे धूत होती. मी शेजारच्या पायरीवर बसले.

“सरुबाई, वकिलांचं सूत तू काततेस ना?”

“कोन म्हनते?”

“सूतच म्हणतं.”

“मंग त्यालेच इचारा ना. मले काहून इचारता?” ती हसली. लुगडे पिळले, झटकले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “खरं सांगा बाई, बरं असते का ते?”

“तीस वर्षांत मी असं सूत पाहिलं नाही.”

“सभेत वरत धरून दाखोलं म्हने कोनं तरी.”

“मीच धरलं होतं.”

तिच्या चेहऱ्यावर जे होते ते मी शाळेतल्या माझ्या मुलींच्या चेहऱ्यावर फक्त बक्षीस समारंभात पाहिले आहे. मग एकदम तिने माझे मनगट धरले.

“कोनाले सांगजा नका. वकीलदादा मले घरात ठेवनार नहीं. धूलकोटले दिराच्या घरी जा लागीन. तिथं मले ढोराच्या कोठ्यात झोपवत होते, बाई. इथं मले माही चूल आहे. कोकिळावहिनी मले इचारल्याबिगर मीठ घालत नहीं. चौदा वर्सं झाले.”

“नाही सांगणार.”

“अशी नहीं. तापीमायच्या पान्यात हात घाला अन् म्हना.”

इथल्या बायका असेच वचन घेतात. पाण्यात हात घालून बोललेले मोडत नाहीत. मला जबलपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या जोगिणींनी शिकवले. नदीला साक्षीदार करणे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हते. मी मनगटापर्यंत हात बुडवला आणि म्हटले, “सरुबाईचं नाव मी कुणालाही सांगणार नाही.”

आणि आज तुला लिहून कळवते आहे. गेले चार दिवस मी स्वतःला सांगत होते की तू ‘कुणी’ नाहीस. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास, तुला मी भरवले आहे. भावाला सांगितले म्हणजे बाहेर सांगितले असे होत नाही.

यादवरावांना लिहिताना नाव घालू नकोस. ‘आमच्याजवळ खात्रीचा पुरावा आहे’ एवढेच लिही. ते पुरते घाबरतील. हे पत्र वाचून फाड.

गोदाअक्का


बुऱ्हाणपूर,
२४ मे १९२५

प्रभाकर,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही. रिकामी जागा सोडली आहे असे समज.

गुरुवारी यादवरावांच्या ओसरीवर सभा झाली. साठ माणसे होती. ते तेरा जणही आले होते. त्यांना मत नव्हते, म्हणून चपलांजवळ बसले होते. मी उठून म्हटले की अध्यक्षांनी येथे, सर्वांसमोर, फक्त पन्नास वार सूत कातून दाखवावे. पंधरा मिनिटांचे काम. चरखा मी माझ्या घरून आणला होता.

यादवरावांनी हात वर केला. अंगठ्याला पट्टी होती. “काल अडकित्त्यानं कापला,” म्हणाले. “बाईंना माझं रक्त पाहिजे असेल तर सोडून दाखवतो.” लोक हसले. हसण्यात आपल्या गल्लीतला वसंत पुढे होता. त्याला मॅट्रिकचे इंग्रजी मी फुकट शिकवले.

मी म्हटले, “पट्टी उजव्या अंगठ्याला आहे, अध्यक्ष. आपण तर डाव्या हाताने चरखा फिरवता ना?”

चपलांजवळून कुणीतरी “वा बाई!” म्हणाले. क्षणभर मला वाटले, जिंकले.

तेव्हा यादवरावांनी कोटाच्या खिशातून कागद काढला. चष्मा लावला. आणि माझ्याच अक्षरातले माझेच पत्र मला वाचून दाखवले. सगळे नाही. त्यांना पाहिजे तेवढे. ‘पाहूनही मनात जुळवले नव्हते, असे तुला लिहिणार होते. राहू दे.’ ‘ते पुरते घाबरतील.’ आणि शेवटी सावकाश, एकेक शब्द तोडून : ‘हे पत्र वाचून फाड.’

“ज्यांना आपलं लिहिणं फाडावंसं वाटतं,” ते म्हणाले, “त्या मला खरेपणा शिकवायला निघाल्या आहेत.”

तू ते पत्र त्यांना कोणत्या तारखेला पाठवलेस, प्रभाकर? ज्या दिवशी मिळाले त्याच दिवशी, की एक रात्र तरी उशाखाली ठेवलेस? सोबत काय लिहिलेस? ‘अक्काचे वय झाले, सांभाळून घ्यावे’?

पुढचे ऐक, कारण हे तुला ते कळवणार नाहीत. त्यांनी सरुबाईला हाक मारली. ती स्वयंपाकघराच्या दारात आली, हाताला कणीक.

“सरुबाई, माझं सूत तू काततेस?”

“नहीं जी. मी त रांधते.”

“बाई म्हणतात, तू त्यांना कबूल केलंस.”

तिने माझ्याकडे पाहिले. रागाने पाहिले असते तर मला चालले असते. “बाईले कमी ऐकू येत असन,” ती म्हणाली.

इथे मी गप्प बसायला हवे होते. तिने मला वाचवायची आणि स्वतःही वाचायची वाट काढली होती. पण साठ माणसांच्या हसण्याने माझे डोके फिरले होते. मी उठले, माझा चरखा तिच्यापुढे ठेवला आणि वर्गात म्हणायची तसे म्हटले, “बैस. डाव्या हाताने कात.”

ती बसली. कणीक पदराला पुसली. कापसाचा पेळू डाव्या हातात घेतला आणि चक्राची मूठ धरली त्या तीन बोटांच्या उजव्या हाताने. धागा तुटला. तिने पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा ओसरी खदखदून हसली. ती मान खाली घालून बसली होती. महिन्याला दोन हजार वार रेशमासारखे कातणारी बाई, सगळ्या गावासमोर अडाणी ठरून घेत होती. माझ्यामुळे.

प्रतिनिधींची निवड झाली. यादवरावांची तिन्ही माणसे आली. ती जबलपूरला कुणाला मत देणार आहेत ते आता मला कळले. कार्यकारिणीवरच्या जागेबद्दल अभिनंदन.

शुक्रवारी सकाळी सरुबाईला मागच्या दाराने काढले. यादवरावांच्या पत्नी कोकिळाबाई रडल्या म्हणतात.

गोदावरी


बुऱ्हाणपूर,
१४ जून १९२५

प्रभाकर,

तुझे पत्र मिळाले. पाच पाने! पक्षाची शिस्त, पक्षाची एकी, सरकार टपून बसले असताना घरातले भांडण ओसरीवर आणू नये, इत्यादी. अक्षर छान आहे. मीच गिरवून घेतले होते.

मी धूलकोटला जाऊन आले. पहाटे बैलगाडीने निघाले, दिवेलागणीला पोचले. सरुबाई दिराच्या गोठ्यात राहते. ती बोलली होती ते शब्दशः खरे निघाले. शेण काढत होती. मला पाहून थांबली नाही.

“माझ्याकडे चल,” मी म्हटले. “मी एकटी आहे. दोन खोल्या आहेत, पेन्शन आहे.”

“तुमच्या घरी आली त लोकं म्हनतीन, बाईनंच पढवून ठेवली होती.”

“म्हणू देत.”

“तुमाले म्हनू द्या ना. मले नहीं म्हनू द्याचं.” तिने पाटी उचलली. “अन् तुमच्या घरी मी कोन? तुमी दया करान. तिथं माही चूल होती, बाई. दादा खोटं वागत असन, मले का करनं आहे? मी कातत होती, ते सूत बरं निघे, ते पाहून मले बरं वाटे. तुमाले काहून इतकं खुपलं?”

मी तेरा जणांची नावे सांगू लागले. तिने मध्येच अडवले.

“तुमी पान्यात हात घालून म्हनलं होतं.”

शाळेत उत्तर न आलेल्या मुलीला मी उभे करत असे. मी उभीच होते.

आता एक गोष्ट लिहिते. ती यादवरावांना अवश्य दाखव. जानेवारीत पहिली लडी हातात आली तेव्हाच मला उलटा पीळ लागला होता. जोगिणींनी मला सहा वर्षे लेस विणायला बसवले. असा धागा माझ्या बोटांना फसवत नाही. मी तेव्हाच ओळखले की हे यादवरावांचे नाही. तरी मी ती लडी सभेत उंच धरली आणि म्हटले, ‘अध्यक्षांकडून शिका.’ का? कारण आदल्याच दिवशी त्यांनी माझ्या नजरेची तारीफ केली होती. चादरीवर पट्टा उमटला नसता तर मी अजूनही धरत असते. करीमबख्शने बोट ठेवले, आणि आता हे माझ्यावर येईल असे वाटले, तेव्हा कुठे मला न्याय आठवला. तेरा माणसांची नावे खोडताना मला माहीत होते की खोडायला लावणारा स्वतः कातत नाही.

यादवराव खोटे आहेत, हे माझे मत यामुळे तसूभरही बदललेले नाही. फक्त त्यांच्या शेजारी एक पाट मांड आणि मला बसव. तुझा पाट तू मांडशीलच.

तुझ्या पाचव्या पानाचे उत्तर. ‘अक्काने आरोप खोटा होता असे लिहून दिल्यास यादवराव त्या बाईला परत कामावर घ्यायला तयार आहेत.’ म्हणजे तुम्ही दोघांनी भाव ठरवला. नाही. कधीच नाही. मी कुठल्या मुलीकडूनसुद्धा खोटी माफी लिहून घेतली नाही.

गोदावरी


बुऱ्हाणपूर,
३० जून १९२५

प्रभाकर,

सोबत माफीपत्र जोडले आहे.

गजानन मास्तर काल आले होते. त्यांना कुठून कळले कोण जाणे. दारातूनच म्हणाले, “बाई, तुम्ही लिहून दिलंत तर आमचं प्रांताकडचं अपील संपलं. तेरा जण कायमचे बाहेर.”

“ठाऊक आहे.”

“एका स्वयंपाकीणबाईसाठी?”

“मास्तर, तुमचं मत गेलं, घर आहे,” मी म्हटले. “तिचं घरच गेलं. उलटं असतं तर मीही तुमच्या बाजूने असते.”

“यादवराव हे पत्र पाच वर्षं मिरवतील.”

“दहा मिरवतील. चौकट करून लावतील.”

त्यांनी नमस्कार केला नाही. चाळीस वर्षांच्या माणसाला रडताना पाहणे वाईट असते. मी आत गेले. त्यांनी जे म्हटले ते सगळे बरोबर होते. पण पाऊस सुरू झाला आहे आणि धूलकोटच्या त्या गोठ्याला एका बाजूने भिंत नाही. मी वचन मोडल्यावर जे मोडले त्यातले एवढेच मला परत जोडता येते. तेरा जणांचे देणे माझ्याकडे राहील. सभासदत्व मी सोडत नाही. दर महिन्याला दोन हजार वार घेऊन मी त्या ओसरीवर जाणार, आणि अध्यक्षांच्या समोर बसणार. त्यांनी मला काढावे, मी निघणार नाही.

माझ्या अटी दोन. यादवरावांना कळव. पत्र छापायचे नाही. त्यांच्या ओसरीवर, भरल्या सभेत, मोठ्याने वाचायचे, त्यातला एकही शब्द न बदलता. आणि त्या दिवशी सरुबाई परत आलेली असली पाहिजे, आपल्या चुलीपाशी, आणि स्वयंपाकघराचे दार उघडे असले पाहिजे. ते मान्य करतील. पत्र वाचल्यावर त्यांना वाटेल, बाई पुरती वाकली. तसे वाटू दे.

तुला यापुढे पत्र नाही. प्रकृतीला जप.

गोदावरी


बुऱ्हाणपूर,
३० जून १९२५

मा. अध्यक्ष व सभासद,
नगर कमिटी, बुऱ्हाणपूर

मी, गोदावरी, निवृत्त मुख्याध्यापिका, सूत-तपासनीस, लिहून देते की मे महिन्याच्या सभेत मी अध्यक्षांच्या सुताविषयी केलेला आरोप खोटा आहे. अध्यक्षांच्या नावाने आलेले सर्व सूत अध्यक्षांनीच कातले आहे. या प्रकरणात एका निरपराध बाईचे नाव मी घेतले, तो माझा अपराध आहे व त्याबद्दल मी तिची सर्वांसमक्ष क्षमा मागते.

सुताबद्दल तपासनीस या नात्याने माझा अभिप्राय नोंदवावा. सूत पहिल्या दर्जाचे आहे. जानेवारीपासून एकाही लडीत गाठ नाही, जाडभरड नाही, पीळ शेवटपर्यंत एकसारखा आहे. मी तीस वर्षे हातकाम तपासले. असे सूत कातणारा हात मी दुसरा पाहिलेला नाही, आणि या गावातल्या कोणाही वकिलापेक्षा, मास्तरापेक्षा आणि माझ्यापेक्षा त्या हाताची योग्यता मोठी आहे.

गोदावरी